पुण्यातला स्वाइन फ्लू, २००९ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात पेपरात आतल्या पानावर ‘एच१एन१चा रुग्ण आढळला’ अशी चार ओळींची बातमी येते (एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू) आणि माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. २००९च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातल्या एका तपासणी केंद्रावर केसपेपर लिहायला बसायचो, एवढीच माझी पात्रता. कोविडनंतर प्रश्न दुप्पट झाले, कारण आता लोकांकडे तुलना करायला दोन साथी आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचा डोस कुणीही माझ्याकडून घेऊ नये, त्यासाठी आपले डॉक्टर आहेत.

१. स्वाइन फ्लू डुकरांपासून होतो ना? मग डुकरं हलवली की साथ थांबली असती की!

नाही. या विषाणूतले जनुकांचे तुकडे डुकरांतल्या फ्लूचे होते, म्हणून ते नाव पडलं. पण एप्रिल २००९मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो सापडला तेव्हाच तो माणसाकडून माणसाला होत होता, खोकल्या-शिंकांतून आणि हातांवाटे. शिजवलेल्या मांसातून तो होत नाही. इजिप्तने तरीही देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला. त्याने साथ थांबली नाही, डुकरं पाळणारे मात्र बुडाले. ३० एप्रिलपासून जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्वाइन’ हा शब्द वापरणं बंद केलं. आपल्याकडे तो चिकटला तो चिकटलाच. आजही लोक ‘त्याला स्वाइन झालाय’ असंच म्हणतात, म्हणून या पानावरही तेच नाव ठेवलं आहे.

२. भारतात पहिला रुग्ण पुण्यातच सापडला होता का?

नाही, हैदराबादला. न्यूयॉर्कहून आलेल्या प्रवाशाचा नमुना १६ मे २००९ला पॉझिटिव्ह आला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. पुण्याचं नाव देशभर झालं ते ३ ऑगस्टला. त्या दिवशी शहरातली १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. भारतातला स्वाइन फ्लूचा तो पहिला मृत्यू.

३. मग मुंबई सोडून पुण्यातच एवढा का भडकला?

एकच एक कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुण्यात परदेशी ये-जा करणारे आयटीवाले होते, उन्हाळ्याची सुट्टी परदेशात घालवून परतलेली कुटुंबं होती आणि जूनमध्ये शाळा उघडल्या. निवासी शाळेत एक मूल आजारी पडलं की अख्खं वसतिगृह खोकतं. त्याच सुमाराला पाचगणीच्या एका निवासी शाळेत असा उद्रेक झाला आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचा अभ्यासही केला. त्यात जुलै-ऑगस्टची दमट, गार हवा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, युरोप-अमेरिकेसारखा फक्त थंडीत नाही.

आणखी एक कारण आहे, ते पुणेकरांना आवडत नाही. देशात या विषाणूची चाचणी सुरुवातीला करत होत्या त्या मुख्यतः दोन प्रयोगशाळा, एक दिल्लीत आणि दुसरी पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था. तपासणी दाराशी असली की रुग्णही दाराशी सापडतात. पुण्यात साथ खोटी होती असं मी म्हणत नाही. इतर शहरांतली साथ तेवढी दिसली नाही, एवढंच.

४. सरकारची तयारी होती की नव्हती? एका वाक्यात सांगा.

विमानतळासाठी होती, शहरासाठी नव्हती.

आता जरा सविस्तर. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता, देशातला पहिला. त्यामुळे फ्लूची महासाथ येऊ शकते हे यंत्रणेला माहीत होतं आणि टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध कशासाठी हेही. म्हणून मे २००९मध्ये विमानतळांवर डॉक्टर बसले, प्रवाशांकडून फॉर्म भरून घेतले गेले, ताप असलेल्यांना बाजूला काढलं गेलं. नियम असा होता : प्रत्येक संशयित वेगळा ठेवा, प्रत्येकाचा नमुना घ्या, औषध फक्त सरकारी रुग्णालयातून द्या. दिवसाला पाच-दहा संशयित उतरत असतील तर हा उत्तम नियम आहे.

पण ताप आलेला माणूस प्रत्येक वेळी विमानतळावरच सापडेल असं नाही. विषाणू शरीरात असूनही पहिला दिवस-दोन दिवस ताप नसतो. असा माणूस सगळ्या तपासण्यांतून सुखरूप बाहेर पडतो, टॅक्सी करतो आणि घरी जातो. जुलैपर्यंत पुण्यात परदेशी न गेलेल्या मुलांना स्वाइन फ्लू होत होता आणि नियम मात्र अजून विमानतळाचेच होते. ३ ऑगस्टनंतर शहर घाबरलं तेव्हा या नियमांनुसार सगळ्या शहराला तपासून घ्यायचं होतं, तेही मोजक्या केंद्रांवर.

५. नायडूच्या रांगांचे फोटो अजून फिरतात. लोक उगाच घाबरले होते का?

लोकांना दोष देऊ नका. सरकारनेच सांगितलं होतं की संशय आला तर तपासून घ्या, औषध इथेच मिळेल. लोक आले. डॉ. नायडू रुग्णालय हे महापालिकेचं सांसर्गिक रोगांचं रुग्णालय, त्यामुळे सगळ्यात आधी गर्दी तिथेच झाली. नंतर इतर ठिकाणी केंद्रं उघडली.

मी होतो त्या केंद्राचं नाव घेत नाही. तिथे दहा ऑगस्टच्या आसपास दुपारी दोनला छापील केसपेपर संपले आणि आम्ही पाठकोऱ्या कागदांवर नाव, वय, ताप किती दिवस, परदेशी गेला होतात का, असं हातानं लिहायला लागलो. परदेशाच्या रकान्यात ‘नाही, नाही, नाही’ अशी उभी ओळच झाली होती. साताठ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर सकाळी आठला आला, नाक गळत होतं, ताप नव्हता. त्याचा नंबर लागला दुपारी. तोवर तो पत्र्याच्या शेडखाली खोकणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून बिस्किटं खात होता. डॉक्टरांनी घसा बघितला आणि घरी पाठवलं. त्याला तेव्हा फ्लू नसेलही. पण ते सहा तास मला अजून खुपतात.

६. ‘ए, बी, सी’ वर्गवारी म्हणजे काय?

ऑगस्ट २००९मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेली ही विभागणी. माझ्या मते त्या साथीत सरकारने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

ए वर्ग म्हणजे साधा ताप, खोकला, घसादुखी. चाचणी नाही, टॅमीफ्लू नाही. घरी थांबा, इतरांत मिसळू नका, एक-दोन दिवसांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

बी वर्गात दोन प्रकार. एक, वरच्या लक्षणांबरोबर जोराचा ताप आणि घसा फार दुखणं. दोन, लक्षणं सौम्य पण माणूस जोखमीतला : पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, ६५च्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, स्टिरॉइड दीर्घकाळ घेणारे. पहिल्या प्रकारात डॉक्टरांना गरज वाटली तर टॅमीफ्लू, दुसऱ्यात द्यायचंच. चाचणी दोघांनाही नाही.

सी वर्ग म्हणजे धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं. लहान मुलात दूध-पाणी न घेणं, सतत किरकिर. यांना लगेच दाखल करा, नमुना घ्या आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करा.

यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. रिपोर्टची वाट न बघता. रांगेचा सगळा जीव त्या रिपोर्टमध्ये अडकला होता आणि उपचाराला त्याची गरजच नव्हती.

७. रिपोर्टला इतके दिवस का लागायचे?

घशातून आणि नाकातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, काडी द्रव भरलेल्या नळीत मोडून टाकायची, नळी बर्फाच्या पिशव्यांसकट थर्मोकोलच्या डब्यात आणि डबा गाडीतून प्रयोगशाळेत. तिथे पीसीआर यंत्रावर चाचणीला काही तासच लागतात. पण महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांचेही डबे त्याच टेबलावर येऊन पडले की तासांचे दिवस होतात. पुढे खासगी प्रयोगशाळांना परवानगी मिळाली आणि ए-बी-सीमुळे नमुनेही कमी झाले.

८. टॅमीफ्लू मेडिकलच्या दुकानात का मिळत नव्हतं? काळाबाजारासाठी का?

उलट काळाबाजार होऊ नये म्हणून. दोन भीती होत्या. लोक घरात साठा करून ठेवतील आणि खरी गरज असलेल्याला मिळणार नाही, ही एक. दुसरी, सर्दी झाली की दोन गोळ्या असं अर्धवट खात राहिले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होईल. म्हणून सुरुवातीला विक्रीवर बंदीच होती. सप्टेंबर २००९मध्ये ‘शेड्यूल एक्स’खाली, म्हणजे खास परवाना असलेल्या मोजक्या दुकानांतून, विक्री खुली झाली. पुढे २०१७मध्ये ते ‘एच-१’ यादीत आणलं गेलं, त्यामुळे आता चिठ्ठी असेल तर बहुतेक दुकानांत मिळतं.

माझं मत विचाराल तर साठेबाजीची भीती खरी होती, पण बंदी फार ताणली गेली. सरकारी केंद्र गाठू न शकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली, कारण (पुढचा प्रश्न पाहा) या औषधात वेळ हाच सगळा खेळ आहे.

९. ते औषध खरंच उपयोगी होतं, की नुसता कंपनीचा धंदा?

दोन्ही टोकं चूक. औषधाचं मूळ नाव ऑसेल्टामिविर. टॅमीफ्लू हे रोश कंपनीचं नाव. भारतीय कंपन्याही ते बनवत होत्या. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं. २०१४मध्ये कॉक्रेन या संस्थेने या औषधाच्या माणसांवर झालेल्या सगळ्या चाचण्यांची कागदपत्रं तपासून सांगितलं की मोठ्या माणसांत ते आजार सात दिवसांवरून साधारण सव्वासहा दिवसांवर आणतं, आणि मळमळ-उलट्या हा त्रास होतो. म्हणजे धडधाकट माणसाच्या साध्या फ्लूला त्याने फार फरक पडत नाही. पण गरोदर बाई, दमेकरी किंवा धाप लागलेला रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर आजही ते लवकर सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

१०. एन-९५ मास्कच लागतो का? तेव्हा लोक रुमाल बांधूनही फिरत होते.

रुग्णाच्या घशात काडी घालणाऱ्याला एन-९५ हवा. खोकणाऱ्याने साधा तीन पदरी मास्क लावला तर आसपासच्यांना फायदा. रस्त्यावरच्या माणसाला एन-९५ची गरज नाही, असं तेव्हाही सांगितलं जात होतं. ऐकतो कोण? मास्क गायब झाले, भाव वाढले, फुटपाथवर हिरव्या कापडाचे मास्क ढिगाने विकायला आले. पुण्यातल्या दुचाकीवाल्या मुलींना मात्र यात नवीन काही नव्हतं. त्यांचे चेहरे आधीपासूनच डोळे सोडून सगळे स्कार्फमध्ये होते, फक्त धुळीऐवजी कारण बदललं.

एकच मास्क आठवडाभर खिशात घालून वापरणं हे न लावण्याइतकंच. ओला झाला की बदला.

११. निलगिरीचं तेल, कापूर-वेलची, तुळस? आमच्याकडे सगळ्यांनी पुरचुंडी बांधली होती.

आमच्या केंद्रावरही अर्ध्या रांगेला कापराचा वास यायचा. व्हॉट्सॲप नव्हतं, एसएमएसने हे पसरलं. निलगिरीने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. पुरचुंडी हुंगल्याने नुकसान काही नाही, लहान मुलाच्या तोंडात कापूर गेला तर मात्र आहे, तो विषारी असतो. खरा तोटा वेगळाच : पुरचुंडी आहे म्हणून माणूस ताप अंगावर काढतो.

आणि हो, ॲन्टिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर ते देतील, आधी स्वतःहून नको.

१२. शाळा आणि थिएटरं बंद करून काय साधलं?

थोडा वेळ. मुंबईत शाळा-कॉलेजं आठवडाभर आणि चित्रपटगृहं तीन दिवस बंद होती. पुण्यातही शाळांना कुलपं लागली. मुलांमध्ये फ्लू सगळ्यात वेगाने फिरतो, त्यामुळे शाळा बंद करण्याला शास्त्रीय आधार आहे. पण वसतिगृहं रिकामी झाली की मुलं एसटीने गावी जातात, हे मी डोळ्यांनी स्वारगेटला पाहिलं. थिएटरच्या तीन दिवसांनी काय झालं असेल, मला तरी दिसत नाही.

गणपती २३ ऑगस्टला बसले. मंडळांना साधेपणाचं आवाहन झालं, उत्सव बंद केला नाही. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदानही झालं.

१३. सरकार एखाद्याला जबरदस्तीने दाखल करू शकतं का?

१८९७च्या साथरोग कायद्याने राज्याला तसे व्यापक अधिकार आहेत. कलम २खाली सरकार साथ रोखण्यासाठी नियम करू शकतं, आणि पुण्यात २००९मध्ये त्याच आधारावर तपासणी केंद्रं उघडली गेली आणि रुग्णाची माहिती कळवणं बंधनकारक झालं. हुकूम मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. २०२०च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षं.

हा कायदा जन्माला आला तो प्लेगच्या साथीत, आणि त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ‘उचलून नेतील’ ही पुण्याची भीती तेवढी जुनी आहे. २००९मध्ये एक आजी मला केसपेपरवर खरा पत्ता सांगायला तयार नव्हत्या. मी आग्रह केला नाही.

१४. म्हातारे सोडून तरुणच का गेले?

त्या विषाणूशी मिळताजुळता फ्लू पूर्वी माणसांत फिरून गेला होता, म्हणून साठीच्या पुढच्या अनेकांच्या शरीरात थोडी ओळख शिल्लक होती. मुलांना आणि तरुणांना तो पूर्ण नवा होता. साध्या फ्लूने जाणाऱ्यांत बहुतेक वृद्ध असतात. २००९मध्ये मात्र जगभरात गेलेल्यांपैकी साधारण ८० टक्के ६५ वर्षांखालचे होते, असा अंदाज आहे. गरोदर स्त्रियांना धोका विशेष होता. म्हातारा माणूस आजारी पडला तर मात्र तो कुणाहूनही जास्त धोक्यात असायचा.

१५. एकूण किती माणसं गेली? कुठे १८ हजार लिहिलंय, कुठे तीन लाख.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजणी वेगळी आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात १८ हजारांच्या थोडे वर. पण ज्याचा नमुनाच घेतला नाही तो या आकड्यात नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख असा निघाला, मधला आकडा २ लाख ८४ हजार. प्रश्न ३मधली गोष्ट इथेही लागू : मोजलं तेवढंच दिसतं.

१६. लस आली तेव्हा साथ संपली होती ना?

जवळजवळ. आयात केलेली लस आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. झायडस कॅडिलाची देशी लस जून २०१०मध्ये आली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची नॅसोवॅक जुलैमध्ये. १० ऑगस्ट २०१०ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं. विषाणू मात्र गेला नाही, तो दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झाला. २०१५मध्ये त्याने राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्राला पुन्हा जेरीस आणलं. आजच्या वार्षिक फ्लूच्या लशीत त्याच्यावरचा भाग असतोच.

१७. मला २००९ला होऊन गेला. आता परत होणार नाही ना?

होऊ शकतो. विषाणू थोडा थोडा बदलत राहतो आणि शरीराची आठवणही पुसट होते. म्हणूनच लस दरवर्षी. प्रश्न ६मधल्या जोखमीच्या यादीत तुम्ही असाल तर पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.

१८. २००९चा धडा कोविडमध्ये कामाला आला का?

उशिरा. ९ मार्च २०२०ला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि दाखल झाले ते नायडूतच. देशातल्या पहिल्या चाचण्याही पुण्याच्या विषाणू संस्थेतच झाल्या. म्हणजे सुरुवात पुन्हा विमानतळ, एक संस्था आणि प्रत्येक पॉझिटिव्ह माणूस रुग्णालयात, लक्षणं असोत-नसोत. सौम्य रुग्णाला घरीच ठेवायला परवानगी एप्रिलच्या शेवटी आली. ए-बी-सीचा कागद अकरा वर्षं कपाटातच होता.

सरकारच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की कोविड लक्षणांशिवायही पसरत होता आणि त्याच्यावर टॅमीफ्लूसारखं हाताशी औषध नव्हतं. तिथे चाचणीला जास्त महत्त्व होतं. प्रयोगशाळाही यावेळी खूपच वेगाने वाढल्या.

१९. आईच्या औषधांच्या डब्यात त्या वेळची टॅमीफ्लूची पट्टी सापडली. ठेवू का?

हा प्रश्न दरवर्षी किमान एकदा येतोच, आणि मला दर वेळी गंमत वाटते, कारण तेव्हा ती पट्टी दुकानात मिळतच नव्हती (प्रश्न ८). म्हणजे कुणीतरी रांगेत उभं राहून आणली आणि पाच दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सोडला. मुदत कधीच संपली आहे. कॅप्सूल न फोडता पट्टीतून काढा, कचऱ्यात मिसळा, रिकामी पट्टी मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि आईला विचारा की त्या ऑगस्टमध्ये घरात आजारी कोण होतं.